हा तरुण आहे, बदलून द्या

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एक सीडी परत करायला क्लेमेंटीला गेलो. त्यात विशेष काही नव्हतं. अशी फेरी आमची बहुतेक दर आठवड्याला व्हायची. दुकानात जायचं, काउंटरवर सीडी ठेवायची, "हा तरुण आहे, बदलून द्या" म्हणायचं आणि दुसरी घेऊन यायचं. आमच्या सिंधूला म्हातारा हवा होता.

त्या दिवशी परत येताना बस स्टॉपवर बाकावर बसलो होतो. नवी सीडी तिच्या पिशवीत होती. ती रस्त्याकडे बघत काहीतरी बोलली. मी म्हटलं, "काय?" ती म्हणाली, "काही नाही. बस आली." बस आली होती हे खरं. आम्ही चढलो.

आता म्हातारा म्हणजे कोण, ते सुरुवातीपासून सांगतो, नाहीतर लोक भलताच अर्थ काढतील.

सिंधू माझी बायको. तळेगावात माझी पिठाची गिरणी होती. शाळा मी सातवीपर्यंत केली, ती चौथीपर्यंत. मुलगा नीलेश मात्र इंजिनियर झाला, इकडे सिंगापूरला नोकरीला लागला आणि गिरणीचा पट्टा माझ्या हातून सुटायला लागला तसा आम्हाला घेऊन आला. बुकित पंजांगला त्याचा फ्लॅट. वर खूप उंच. खाली बघितलं की माणसं तांदळाच्या दाण्याएवढी. सून प्राचीही नोकरीला. सकाळी दोघं गेली की घरात आम्ही दोन म्हातारे आणि एक वॉशिंग मशीन. त्यातलं वॉशिंग मशीनच जास्त बोलायचं, कारण गिरणीने माझे कान नेलेले. नीलेशने कानात घालायचं मशीन आणून दिलं होतं. ते शिट्ट्या मारायचं. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तिथे ते गप्प असायचं.

इथल्या ब्लॉकच्या, म्हणजे इमारतीच्या, खाली मोकळी जागा असते. लोक नको झालेल्या वस्तू तिथे ठेवून जातात. भंगारवाला येईपर्यंत ज्याला हवं त्याने न्यावं, असा रिवाज. सिंधूला हा रिवाज फार आवडला. कुंडी आणली, स्टूल आणलं, एकदा एक छत्री आणली ती उघडली तर बंद होईना. नीलेश चिडायचा. "आई, लोकांचं टाकलेलं उचलायचं नसतं."

"टाकलेलं नाही, ठेवलेलं आहे," ती म्हणायची. "टाकायचं असतं तर एवढं पुसून ठेवलं असतं का?"

असाच एक दिवस तिने सीडी प्लेयर आणला. झाकण मोडकं, त्याला रबर बँड. आत एक सीडी तशीच राहिलेली. कव्हर नाही, काही नाही. ती मेथी निवडायला बसली होती, विरंगुळा म्हणून बटण दाबलं. मला नुसती कुरकूर ऐकू आली. पण तिचा हात मेथीत होता तो तिथेच थांबला.

"अहो, कोणीतरी रडतंय," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "रडत नाहीये. गातोय."

ती सीडी आमच्या घरात बरेच दिवस वाजली. रोज दुपारी. त्यातलंही एकच गाणं ती पुन्हा पुन्हा लावायची. मग ते मध्येच अडखळायला लागलं. कशाचा तरी चिकट डाग लागला होता. तर या बाईने काय केलं? भांडी घासायची पावडर घेतली, तारेची घासणी घेतली आणि सीडी दोन्ही बाजूंनी पितळेच्या डब्यासारखी लख्ख घासली. चिंचही लावली असावी, मला शंका आहे. उन्हात वाळवली. वरती छापलेलं नाव होतं तेही गेलं. त्यानंतर मशीन नुसतं गरगर फिरायचं आणि काही बोलायचं नाही.

संध्याकाळी प्राचीने ती हातात घेतली, उजेडात धरली. बिचारी हसूही शकेना. "आई, हे असं घासायचं नसतं हो."

"मग एवढी नाजूक वस्तू बनवायची कशाला?" सिंधू म्हणाली. पण जेवली कमी.

नाव माहीत नाही, भाषा कळत नाही, हातात एक चकचकीत चकती. एवढ्यावर ही बाई त्या गाण्याच्या शोधाला लागली.

क्लेमेंटीला एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर सीडींचं दुकान होतं. चालवणारा चिनी म्हातारा, माझ्याच वयाचा. सगळे त्याला अंकल म्हणायचे. सीडी आता कोण घेतो? त्यामुळे दुकानात अंकल, त्याचा पंखा आणि सेलच्या टोपल्या. सिंधू सरळ काउंटरपाशी गेली आणि गाणं गुणगुणायला लागली. मी दाराशीच उभा राहिलो, म्हणजे ओळख लागू नये. अंकलने डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच. मला वाटलं झोपला. मग उठला, एका टोपलीत वाकला आणि एक सीडी काढून तिच्यापुढे ठेवली. कव्हरवर एक काळा, देखणा पोरगा. शर्टाला पुढे झालरी. सिंधूने त्याचं नाव तिथेच ठेवलं, झालरवाला. खरं नाव प्राचीने नंतर वाचून दाखवलं, ते तिच्या तोंडात कधी बसलं नाही.

प्राचीने मोबाईलवर वाचून आम्हाला समजावलं. हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचे गवई. मी म्हटलं, दक्षिणेकडचे म्हणजे मद्रासचे का? इथे मद्रासकडची माणसं पुष्कळ. प्राची म्हणाली, नाही बाबा, अमेरिकेची दक्षिण वेगळी. कापूस पिकवणारा मुलूख. तिथली काळी मंडळी लहानपणी चर्चमध्ये गाऊन तयार झाली आणि मग बाहेर प्रेमाची गाणी गायला लागली. त्या गाण्याला सोल म्हणतात, म्हणजे आत्मा.

"म्हणजे भजनी मंडळातून तमाशात गेलेले," मी म्हटलं.

"गळा तोच राहतो की," सिंधू म्हणाली. तिचा विषय तिथे संपला.

गाण्याचा अर्थही प्राचीने सांगितला. त्याची बायको घर सोडून गेलीये. तो रोज संध्याकाळी दारावरचा दिवा लावतो, ती परत येताना तिला अंधार लागू नये म्हणून. एवढंच. सगळं गाणं दिव्याबद्दल.

"विजेचं बिल कोण भरतं?" सिंधूने विचारलं.

आता खरी गंमत. ती सीडी घरी आणली. लगेच लावली नाही, ते नंतर सांगतो. लावली तेव्हा सिंधूने ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. "हा तो नाही."

प्राची म्हणाली, "आई, तोच आहे. नाव तेच, गाणं तेच."

"गाणं तेच. माणूस तोच. पण हा तरुण आहे."

प्राचीला वाटलं आई हट्ट करतायत. मला वाटलं वय झालं. पण प्राची शोधत बसली आणि तिला सापडलं की म्हातारीचं बरोबर आहे. या स्वस्तातल्या सीडींची एक गोम असते. गवयाने तरुणपणी जे गाणं गाऊन नाव कमावलं, ते कंपनीच्या मालकीचं. त्याचा त्यावर हक्क नाही. मग तो म्हातारा झाला, काम मिळेनासं झालं की कोणीतरी त्याला बोलावतं आणि तीच सगळी गाणी त्याच्याकडून परत गाऊन घेतं. घाईघाईत, हलक्या वाजवणाऱ्यांबरोबर. आणि ती या सेलच्या टोपलीतल्या सीडींमध्ये घालतात. कव्हरवर फोटो मात्र तरुणपणचाच. काही सीडींमध्ये तरुण निघतो, काहींमध्ये म्हातारा. मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, कधी नसतंही. जाणकार लोक याला फसवणूक म्हणतात.

"फसवणूक कसली?" सिंधू म्हणाली. "त्याचंच गाणं, त्याचाच गळा. लोकांना तरुण हवा असतो, मला नकोय."

मला हा धंदा लगेच कळला. तळेगावात एक व्यापारी होता. एकच गहू तीन पोत्यांत भरायचा आणि तीन नावांनी विकायचा. या सीडींची नावंही तशीच, बेस्ट, व्हेरी बेस्ट, गोल्डन, फॉरएव्हर गोल्डन. आत तीच गाणी खालीवर केलेली. फरक एवढाच की त्या व्यापाऱ्याच्या पोत्यात निदान गहू एका वयाचा असायचा.

प्राचीने कॉम्प्युटरवर पण शोधलं. जिथे जिथे ते गाणं लागलं तिथे तिथे सिंधू थोडं ऐकायची आणि म्हणायची, "पोरगाच आहे." शेवटी तिने कॉम्प्युटरचा नाद सोडला. "त्यात सगळे तरुणच ठेवलेत," ती म्हणाली.

मला दोन्हींतला फरक कधीच कळला नाही. कळणार कसा? माझ्यापर्यंत यायचं ते एकच, भिंतीपलीकडे कोणीतरी केकाटतंय. मी तसं सांगितलं की ती मला शिकवायला बसायची. माझ्या डाव्या कानाशी येऊन, कारण तो जरा बरा.

"नुकती टाकी मारलेल्या दगडाचं पीठ कसं असतं? कचकच लागते. तो तरुण. आणि दगड बसला की पीठ कसं पडतं?"

"मऊ."

"तो म्हातारा. एवढं सोपं आहे."

गिरणीत तिचा कान मला फार उपयोगी पडायचा. मागच्या खोलीत भाकरी थापता थापता ती ओरडायची, "अहो, दगड घासतोय, पीठ गरम जाईल." जाऊन हात लावावा तर पीठ गरम. दळण घेऊन आलेल्या बायका म्हणायच्या, सिंधूवहिनी पिठाला सुद्धा ऐकतात. तिला ओरडून बोलायची सवय गिरणीनेच लावली. इकडे आल्यावर तिने ती सोडली. शेजारी म्हणतील भांडतायत, असं तिला वाटायचं.

आणखी एक खूण तिने मला सांगून ठेवली होती. गाण्याच्या शेवटी, अगदी शेवटच्या ओळीच्या आधी बघायचं. तरुण तिथे ओरडतो. म्हातारा तिथे श्वास घेतो. "ऐकू येतो तो श्वास," ती म्हणायची. "आणि मग ती ओळ तो गात नाही, सांगतो."

मी म्हणायचो, "दमला असेल."

"दमलाच असेल," ती म्हणायची.

तर हा म्हातारा शोधायचा होता. अंकलच्या दुकानात झालरवाल्याच्या सीडी पेटीभर होत्या. बाहेरून सगळ्या सारख्या. घरी नेऊन ऐकल्याशिवाय कळणार नाही आणि भिंतीवर तर पाटी, उघडलेला माल परत नाही. सिंधूला पाटी वाचता येत नव्हती. मी पाटीचा फोटो नेऊन प्राचीकडून अर्थ समजून घेतला आणि सिंधूला सांगितला. ती म्हणाली, "नारळ वाजवून घेऊ देतात, कलिंगड कापून दाखवतात आणि हे ऐकू देणार नाहीत?"

पुढच्या खेपेला तिने लसणीची चटणी नेली. सुकं खोबरं घालून, खलबत्त्यात कुटलेली. तो खलबत्ता तिने भारतातून आणला होता. विमानतळावर सामान तपासणाऱ्या पोराने तो दोन हातांनी उचलून बघितला आणि परत ठेवला. ती कुटायला लागली की खालच्या मजल्यावरची बाई छताला काठी लावायची. सिंधूला वाटायचं ती ताल देतेय.

तिने काउंटरवर डबी ठेवली, शेजारी सीडी ठेवली. "हा तरुण आहे, बदलून द्या." मराठीतच. अंकलला मराठी यायचं नाही, हिला इंग्रजी यायचं नाही. त्याने डबी उघडली, बोटाने चाखली. त्याचं जेवण समोरच होतं, तांदळाची पातळ पेज. त्याने चटणी त्यात घातली, दोन चमचे खाल्ले आणि पाटीकडे पाठ करून दुसरी सीडी काढून दिली.

तेव्हापासून तोच रिवाज झाला. पण वाद दर खेपेचा.

"आंटी, ओल्ड वन नो गुड ला," अंकल म्हणायचा. इथे वाक्याला असा ला जोडायची पद्धत. "ओल्ड वन चीप. यंग वन ओरिजिनल."

"भाऊ, तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंय का कधी?"

"यंग वन पॉवर," म्हणून तो मूठ दाखवायचा.

"पॉवर काय करायचीय? म्हशी राखायच्यात?"

"कॅन, कॅन," अंकल म्हणायचा, म्हणजे इथल्या भाषेत चालेल, आणि पेज खायचा. दोघांचं इतकं छान चालायचं की मी मध्ये कधी पडलो नाही. माझं काम पिशवी धरायचं. आमच्या लग्नातही साधारण तेच काम होतं.

शोधता शोधता बाकीचे गवईही घरात आले. जाड्या, कोटवाला, घामट. घामट प्रत्येक फोटोत रुमालाने कपाळ पुसत असायचा. सिंधूला त्याची फार काळजी. "याला कोणी थंड पाणी देत नाही का?" जाड्या तिला आवडायचा, पण तो देवाच्या गाण्यातही बाईला बोलावतोय असं वाटतं, म्हणून त्याला फक्त दुपारी लावायची, संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी नाही. नीलेश कामावरून आला की बूट काढता काढता म्हणायचा, "आई, आज कोण पाहुणे?" ती सांगायची, "आज घामट होता. बरा होता."

आता ते राहिलेलं सांगतो. नवी सीडी घरी आणली की ती त्या दिवशी लावायची नाही. आल्या दिवशी नवी वस्तू वापरायची नाही, हा सिंधूचा नियम. आधी देव्हाऱ्यापुढे ठेवायची, हळदकुंकू वाहायचं आणि दुसऱ्या दिवशी वापरायला काढायची. इस्त्री असो की कुकर. नीलेशने इकडे नवा फ्रिज घेतला तेव्हा तो एक दिवस तसाच बंद उभा होता, दारावर कुंकवाचं बोट लावून. दूध नासलं. प्राची काही बोलली नाही, ती शहाणी आहे. मी बोललो. मी म्हटलं, "देवाला फ्रिज कशाला दाखवायचा? त्याच्याकडे काय बर्फ नाही?" सिंधू म्हणाली, "घरात नवीन कोण आलंय ते त्याला कळायला नको का?"

तसाच झालरवालाही दरवेळी एक दिवस देवांच्या रांगेत बसायचा. बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि झालरीचा शर्ट. त्याच्या कव्हरवर कुंकवाचा ठिपका. मग सीडी परत गेली की ठिपक्यासकट जायची. अंकलने ते पुसलं नाही. त्याच्या पेटीत ठिपक्याच्या सीडी एका बाजूला साठायला लागल्या. त्यामुळे एक फायदा झाला. कोणत्या बघून झाल्या आणि कोणत्या राहिल्या ते न विचारता कळायचं. बिनठिपक्याच्या कमी कमी होत गेल्या.

त्या शेवटच्या फेरीत अंकलने पेटीकडे बोट दाखवलं. "आंटी, फिनिश सून. शॉप ऑल्सो फिनिश." दुकान बंद करणार होता. पेटीत बिनठिपक्याच्या दोनच उरल्या होत्या. सिंधूने दोन्ही हातात घेतल्या, उलटसुलट केल्या, कानाशी लावून हलवल्यासुद्धा. नारळच जणू. मग एक ठेवली, एक घेतली.

"दोन्ही घेऊन टाक ना," मी म्हटलं. "परत परत यायला नको."

"मग पुढच्या आठवड्यात काय करायचं?" ती म्हणाली.

बसमधून उतरून पुढे घरापर्यंत आम्ही छोट्या ट्रेनने आलो. ती आमच्या ब्लॉकच्या अगदी जवळून जाते आणि लोकांच्या खिडक्या आल्या की तिची काच आपोआप पांढरी होते, आतलं दिसू नये म्हणून. सिंधूला ते कधीच पटलं नाही. "बाहेर बघायला काच आणि घरं आली की आंधळी," ती म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली. घरी आलो, तिने सीडी देव्हाऱ्यापुढे ठेवली, कुंकू लावलं, आमटीला फोडणी घातली. आम्ही जेवलो.

सकाळी ती उठली नाही. झोपेतच गेली. डॉक्टरने नीलेशला कारण सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. मला नीट ऐकू आलं नाही आणि मी परत विचारलं नाही.

पुढचं सगळं नीलेशने केलं. लोक आले, बसले, गेले. प्राचीची आई पुण्याहून आली आणि तेरावं उरकून गेली. सीडी देव्हाऱ्यापुढेच होती. प्राची रोज पूजा करताना ती उचलायची, खालचं पुसायची आणि परत तिथेच ठेवायची. फुलं बाकीच्या देवांना. पण ती हलवायची हिंमत कोणी केली नाही.

एक दिवस ती पुसताना प्राची माझ्याकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, मी एकदा आईंना विचारलं होतं, म्हातारा का हवा म्हणून."

"काय म्हणाली?"

प्राची जवळ आली. डाव्या बाजूला. तिलाही ते माहीत होतं. "म्हणाल्या, तरुण ओरडतो कारण त्याला वाटतं तिच्या कानावर गेलं की ती येईल. म्हातारा ओरडत नाही. तिला ऐकू जात नाही हे त्याला ठाऊक आहे. तरी तो तिच्याशी बोलत बसतो." प्राचीने सीडी परत जागेवर ठेवली. "आणि म्हणाल्या, मला सवय आहे ना तशा बोलण्याची."

मी म्हटलं, "बरं." प्राची ऑफिसला गेली.

त्या दिवशी संध्याकाळी ती दोघं यायच्या आधी मी ड्रॉवर उघडला. मशीन काढलं, बॅटरी बदलली, कानात घातलं. आधी शिट्टी, मग फ्रिज. फ्रिज एवढा आवाज करतो हे मला माहीत नव्हतं. खालची बाई कोणाशी तरी फोनवर बोलत होती. मग मी देव्हाऱ्यापुढून सीडी उचलली. झाकण नखाने उघडेना, सुरीने उघडलं. रबर बँड काढला, सीडी घातली, रबर बँड लावला.

कितवं गाणं ते मला माहीत नव्हतं. पहिल्यापासून ऐकत बसलो. काही जोराची, काही रडकी. बाजा होता, मागे बायका होत्या. मग ते लागलं. शब्द कळत नव्हते, पण एवढे दिवस ती गुणगुणायची त्यामुळे चाल ओळखीची निघाली. ओळखीची म्हणजे, भाकऱ्या करताना तिचे ओठ हलायचे ते आता कशावर हलायचे ते कळलं.

मी त्या जागेची वाट बघत होतो. शेवटच्या ओळीआधी. माझाच श्वास मी धरला होता, मध्ये आवाज यायला नको म्हणून.

तिथे तो ओरडला. भरपूर ओरडला. गळ्यात कच होती, चांगली खरखरीत.

"हा तरुण आहे," मी म्हटलं. घरात कोणी नव्हतं. मशीनमुळे माझा मलाच आवाज मोठा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला आणि खलबत्ता काढला. लसूण सोलला, खोबरं भाजलं, तिखट अंदाजाने घातलं. कुटायला बसलो तशी खालून काठी लागली. मशीन कानात होतं, त्यामुळे ती मलाही नीट ऐकू आली. ताल नव्हता तो. चटणी डबीत भरली, सीडी पिशवीत घातली आणि निघालो. ट्रेनची काच जिथे पांढरी व्हायची तिथे झाली. क्लेमेंटीला पोचलो तर दुकान उघडं होतं, पण अर्ध्या टोपल्या बांधलेल्या. अंकल खोक्यावर बसला होता. त्याने माझ्या मागे बघितलं.

"आंटी नो कम?"

माझं इंग्रजी तेवढंच. "आंटी फिनिश," मी म्हटलं.

तो खोक्यावरून उठला. मी डबी पुढे केली. त्याने बोटाने चाखली आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट जास्तच झालं होतं. "आंटी नॉट सो हॉट," तो म्हणाला.

"मी केलीये," मी मराठीत म्हटलं. मग काउंटरवर सीडी ठेवली. "हा तरुण आहे. बदलून द्या."

त्याने पेटी ओढली. सगळ्या ठिपक्याच्या. त्यात एकच बिनठिपक्याची. ती त्याने दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली, इथले लोक पाहुण्याला वस्तू देतात तशी. यंग वन, ओल्ड वन काही म्हणाला नाही.

घरी आलो. पाय धुतले. सीडी देव्हाऱ्यापुढे ठेवली, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि झालरवाल्याच्या कपाळावर टेकवलं. ठिपका जरा मोठा झाला, तिचा एवढा नसायचा. सीडी प्लेयर शेजारीच होता. त्याला हात लावला नाही. आल्या दिवशी लावायची नाही.